तेरड्याचा रंग तीनच दिवस का?

"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आपण कायम कुणाला तरी नावं ठेवायलाच वापरतो. नवीन जिम लावलेला, नवीन डायरी लिहायला घेतलेला, कुणाचाही उत्साह जरा उतरला की लगेच तेरडा मधे आणायचा. मला हे लहानपणापासून खटकायचं, कारण माझ्या माहेरी, साताऱ्याला, घरामागच्या परसात श्रावणात तेरडा असा काही माजायचा की विहिरीकडे जायची वाट दिसायची नाही, आणि आमच्याकडे गौरीसुद्धा तेरड्याच्याच, म्हणजे ज्या झाडाला आपण वाजतगाजत घरात आणतो, हळदीकुंकू लावतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो त्याचंच नाव कच्च्या रंगाला चिकटवून मोकळे होतो.

मागच्या वर्षी माझी भाची (भावाची मुलगी, इयत्ता चौथी) मला म्हणाली, "आत्या, फुलं एवढ्या लवकर का मरतात?" आणि मी पटकन "अगं सुकतात बाळा, पाणी संपतं त्यांचं" असं काहीतरी सांगून टाकलं. ते चूक होतं हे मला तेव्हाच माहीत होतं. झाडाला पाणी भरपूर आहे, जमीन ओली आहे, शेजारचं पान महिनाभर हिरवंगार राहतं, मग त्याच फांदीवरचं फूल संध्याकाळी का मान टाकतं? हे तिला नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून आता सविस्तर लिहितेय, तिच्यासाठी आणि ज्यांना कुणाला बाल्कनीत उभं राहून हा प्रश्न पडतो त्या सगळ्यांसाठी.

एका वाक्यात सांगायचं तर फूल आपोआप सुकत नाही, झाड ते आवरून घेतं. आवरून घेतं म्हणजे अगदी आपण पाहुणे गेल्यावर सतरंज्या, ताटं, जास्तीचे दिवे आवरतो तसं. कारण फूल उघडं ठेवणं झाडाला फार महाग पडतं.

फुलाची पाकळी म्हणजे अगदी पातळ ऊतक. त्यातून पाणी सतत उडत असतं, आणि पान जसं स्वतःचं अन्न स्वतः बनवतं तसं पाकळीला जवळजवळ जमत नाही, ती पूर्णपणे झाडाच्या जिवावर असते. शिवाय मध बनवायचा, वास बनवायचा (वास ही खरोखरची वस्तू आहे, झाड साखर मोडून ती रसायनं तयार करतं आणि हवेत सोडून देतं), आणि हे सगळं चालू ठेवायला पाकळीतल्या पेशी श्वास घेत असतात, साखर जाळत असतात. म्हणजे दर तासाला खर्च. आता हा खर्च कशासाठी, तर कुणीतरी यावं, मधमाशी, फुलपाखरू, पतंग, पक्षी, आणि पराग इकडचे तिकडे न्यावेत. ते एकदा झालं की उघडं दुकान ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि समजा कुणी आलंच नाही तरी किती वेळ वाट बघायची याची मर्यादा त्या त्या झाडाच्या रक्तातच लिहिलेली असते.

१९९४ मध्ये टिया-लिन ॲशमन आणि डॅनियल शोएन या दोन शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न मांडला होता, फुलाने किती दिवस जगावं? त्यांचं म्हणणं साधारण असं की हा हिशोब दोन गोष्टींचा आहे, एक म्हणजे फूल टिकवायचा रोजचा खर्च आणि दुसरं म्हणजे पराग किती वेगाने येतात-जातात ते. खर्च जास्त आणि गिऱ्हाईक लवकर येणारं असेल तर एक दिवसाचं फूल परवडतं, रोज नवीन उघडायचं. गिऱ्हाईक क्वचित येणारं असेल तर तेच फूल खूप दिवस टिकवणं बरं. म्हणून दुकानात मिळणारं ते फुलपाखरासारखं फॅलेनॉप्सिस ऑर्किड दोन-तीन महिने तसंच उभं असतं, त्याच्याकडे जंगलात येणारं कोण तर एखादाच ठरावीक कीटक, कधी येईल सांगता येत नाही. पण त्याच ऑर्किडवर एकदा पराग पडले की महिनोन् महिने ताठ उभं असलेलं ते फूल काही दिवसांत लोळागोळा होतं. पाणी तेच, कुंडी तीच, खिडकी तीच. मला वाटतं माझ्या भाचीला सगळ्यात आधी हे सांगायला हवं होतं.

मग हा "आता आवरा" असा निरोप पाकळीला कोण देतं? बऱ्याच फुलांमध्ये एक वायू, इथिलीन. याची गोष्ट फार छान आहे. पूर्वी युरोपातल्या शहरांमध्ये रस्त्यावर गॅसचे दिवे असायचे, त्यांचे जमिनीखालचे पाइप गळायचे आणि त्या रस्त्यावरच्या झाडांची पानं अवेळी गळून पडायची. १९०१ मध्ये दिमित्री नेल्युबोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की त्या गॅसमधला झाडांवर परिणाम करणारा घटक म्हणजे इथिलीन. त्यानंतर १९०८ मध्ये शिकागोत क्रॉकर आणि नाइट या दोघांनी कार्नेशनच्या फुलांवर अभ्यास केला, कारण गॅसच्या दिव्याशेजारी ठेवलेल्या कार्नेशन मिटून जायच्या आणि फुलवाल्यांचं नुकसान व्हायचं, आणि त्यांना दिसलं की हवेत अगदी नखाएवढा इथिलीन असला तरी फूल मिटतं. मग १९३४ मध्ये आर. गेन यांनी सिद्ध केलं की हा वायू बाहेरूनच यायला हवा असं नाही, पिकणारं फळ तो स्वतःच तयार करतं. फुलंही करतात. पराग पडले की कार्नेशनच्या किंवा ऑर्किडच्या फुलात इथिलीन वाढतो आणि तो पाकळीला सांगतो की झालं काम.

याचा आपल्या घरातला उपयोग म्हणजे पिकलेली केळी आणि फुलं एका परडीत रात्रभर ठेवू नका. पूजेची तयारी आदल्या रात्री करून ठेवायची सवय असते आपल्याला, केळीचा फणा आणि फुलं शेजारी शेजारी, आणि सकाळी फुलं मलूल झाली की आपण फुलवाल्याला शिळी दिली म्हणून बोल लावतो. फ्रीजमध्येसुद्धा गजरा फळांच्या कप्प्यात ठेवू नये, ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळा ठेवावा. शेवंतीला मात्र इथिलीनने फारसा फरक पडत नाही, म्हणून शेवंतीचे हार इतके टिकतात, मंडपात चार दिवस लोंबत असतात तरी पिवळ्याचे पिवळे.

आवरण्याच्या पण तऱ्हा असतात हे बागेत रोज बघून लक्षात येतं. जास्वंद घ्या. सकाळी उघडते, संध्याकाळी छत्री मिटावी तशी पीळ देऊन मिटते आणि दुसऱ्या दिवशी खाली पडते. तिला पाण्यात ठेवा नाहीतर कोरडी देवापुढे ठेवा, ती दिवसभर तशीच टवटवीत राहते आणि तिच्या वेळेलाच मिटते, पाण्याने तिचं आयुष्य वाढत नाही, कारण मुळात ते पाण्यावर अवलंबूनच नाहीये. मिटताना पाकळीतल्या पेशी स्वतःला आतून मोडत असतात, साखर, नायट्रोजन, पोटॅशियम, जे जे परत घेता येईल ते पाकळीतून झाडात माघारी जातं. म्हणून मिटलेली जास्वंद चुरगळलेल्या कागदासारखी हलकी लागते. पडलेलं फूल हातात घेऊन बघा एकदा, आदल्या दिवशीच्या फुलाच्या मानाने त्यात काहीच उरलेलं नसतं.

प्राजक्ताची तऱ्हा अगदी उलटी. तो मिटत नाही, कोमेजत नाही, ताजाच्या ताजा गळतो. संध्याकाळी अंधार पडता पडता उघडतो, रात्रभर घमघमतो आणि उजाडायच्या आत देठापासून सुटतो. पाकळ्या जिथे झाडाला जोडलेल्या असतात तिथे पेशींचा एक बारीक थर असतो, वेळ झाली की त्या थरातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकटा विरघळतो आणि फूल नुसत्या वजनाने सुटतं, वारा नसला तरी. माझी आजी पहाटे साडेपाचला झाडाखाली जुनी साडी पसरायची आणि आम्ही मुलं फांदी हलवायला गेलो की ओरडायची, "अगं हलवू नकोस गं, ती आपली आपण येतात!" आणि खरंच येतात, कान दिला तर पानांवर टप टप असा एवढासा आवाज येतो. एरवी खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, पण प्राजक्ताचं चालतं, किंबहुना प्राजक्ताचं तेच चालतं. सत्यभामेच्या अंगणात झाड आणि रुक्मिणीच्या अंगणात सडा ही गोष्ट ज्यांनी कुणी रचली त्यांनी हे झाड नक्कीच रात्रभर जागून बघितलं असणार. ते केशरी देठ आहेत ना, त्यातला रंग केशरातल्या रंगाच्या घराण्यातलाच आहे, पूर्वी रेशीम रंगवायला वापरायचे. आजी देठ वेगळे करून वाळवायची, एका डबीत, आणि ती डबी उघडली की वास नाही पण रंग असायचा, तिच्या बोटांना लागलेला.

आता मला ज्या वेलीवर सगळ्यात जास्त लिहायचंय ती मधुमालती. सोसायटीच्या गेटवर, बंगल्याच्या कमानीवर, पुण्यात गल्लोगल्ली आहे, आणि एकाच घोसात पांढरी, गुलाबी, लाल अशी तिन्ही फुलं बघून बऱ्याच जणांना वाटतं की वेगवेगळी कलमं केलीत. तसं नाहीये. एकच फूल तीन रंगांतून जातं. माझ्या टेरेसच्या कठड्यावर ही वेल चढलीय आणि गेल्या पावसाळ्यात मी एका कळीला पांढरा दोरा बांधून तीन दिवस तिच्याकडे लक्ष ठेवलं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ती उघडली, अगदी पांढरी, नळी जवळजवळ बोटाएवढी लांब आणि पाकळ्यांच्या मागच्या बाजूला किंचित गुलाबी झाक. रात्री वास इतका की कपडे वाळत घालायला गेले ते तिथेच थांबले. त्या वेळी तिच्याकडे येतात ते मोठे पतंग, हॉकमॉथ, ज्यांची सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि उलगडली की एवढ्या लांब नळीच्या तळाशी पोचते, आणि ते बसत नाहीत, हवेतच थरथरत उभे राहून मध पितात. अंधारात पांढरा रंगच दिसतो, म्हणून रात्री पांढरी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरा बांधलेलं फूल फिकट गुलाबी झालं होतं, दुपारपर्यंत चांगलं गुलाबी, आणि त्यावर आता मधमाश्या. तिसऱ्या दिवशी गडद लाल, आणि मान खाली घातलेली. म्हणजे हे फूल मिटायच्या आधी दुसऱ्या पाळीचं काम करतं, रात्रपाळी पतंगांची, दिवसपाळी मधमाश्या-फुलपाखरांची, आणि लाल झालेली जुनी फुलं घोस लांबून भरगच्च दिसायला मदत करतात. रंग बदलतो कारण पाकळीत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य दिवसागणिक तयार होत जातं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणणाऱ्यांनी मधुमालतीचे तीन दिवसांत तीन रंग बघावेत एकदा, दोरा बांधून. खरंच बांधा, मुलांना तर नक्की करायला लावा.

ब्रह्मकमळाचं सगळ्यांना माहीतच आहे त्यामुळे थोडक्यात. आपण घरी लावतो ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं एक निवडुंग आहे, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ, जे उत्तराखंडचं राज्यफूल आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण ज्या घरात ते फुलतं त्या घरात त्या रात्री जे काही होतं, शेजारच्या काकूंना फोन, मुलांना झोपेतून उठवणं, उदबत्ती, फोटो, त्याला मी तरी कधी चुकीचं म्हणणार नाही. आठ-नऊ वाजता पाकळ्या थरथरत उघडायला लागतात, मध्यरात्रीपर्यंत ताटलीएवढं होतं, आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत मान लोंबकळलेली. एवढं मोठं फूल, म्हणजे एवढा मोठा पाण्याचा खर्च, ते उन्हात उघडं ठेवणं या झाडाला परवडणारंच नाही. रात्रीचा पतंग हेच त्याचं गिऱ्हाईक, तर दिवसा थांबायचं कशाला.

आणि याच्या अगदी विरुद्ध टोकाला बोगनवेल. ती महिनाभर रंगीत असते कारण तो रंग फुलाचा नाहीच. ते रंगीत कागदासारखं जे दिसतं ती पानंच आहेत, फुलाशेजारची खास पानं, आणि खरं फूल म्हणजे त्यांच्या मधोमध ती बारीकशी पांढरट नळी. ते खरं फूल आपल्या वेळेला सुकतं, कुणाचं लक्षही जात नाही, पानं मात्र टिकतात.

जपानमध्ये सकाळी उमलून त्याच दिवशी मिटणाऱ्या एका वेलीवर (आपल्याकडे मॉर्निंग ग्लोरी म्हणूनच नर्सरीत मिळते) शास्त्रज्ञांनी काम केलं आणि २०१४ मध्ये जाहीर केलं की हे मिटणं घडवून आणणारा एक जनुक त्यांना सापडलाय, त्याचं नावच त्यांनी इंग्रजीत क्षणभंगुर या अर्थाचं ठेवलंय. तो जनुक दाबून टाकला तर साधारण १३ तासांत मिटायला लागणारं फूल २४ तासांपर्यंत उघडं राहतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी कालचं फूल आणि आजचं फूल एकाच वेलीवर एकत्र दिसतं, जे एरवी त्या वेलीच्या आयुष्यात कधीच होत नाही. मला हे वाचून एकीकडे भारी वाटलं, आणि एकीकडे असंही वाटलं की मिटणं ही जर खास जनुक ठेवून करायची गोष्ट असेल तर त्या वेलीला ते किती गरजेचं वाटत असेल.

हे झालं एका फुलाचं. ऋतूचं काय? म्हणजे शेवंतीला कसं कळतं की दिवाळी जवळ आली?

याचं उत्तर बऱ्याच जणांना थंडी असं वाटतं. थंडीचा हातभार असतो पण मुख्य गोष्ट आहे रात्रीची लांबी. पुण्यात जूनमध्ये सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये सगळ्यात छोटा अकरा तासांचा. आपल्याला हा दोन-सव्वादोन तासांचा फरक फारसा जाणवत नाही, ऑफिसमधून निघताना अंधार झालेला असतो एवढंच, पण झाडाला तो मिनिटांच्या हिशोबात कळतो. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी हे पहिल्यांदा नीट दाखवलं, तंबाखूच्या एका जातीवर, जी उन्हाळाभर नुसती उंच उंच वाढत जायची पण फुलायची नाही. त्यांनी कुंड्या रोज दुपारी उचलून अंधाऱ्या शेडमध्ये ठेवल्या, दिवस खोटाखोटाच छोटा केला, आणि ती तंबाखू भर उन्हाळ्यात फुलली. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी तणावर प्रयोग करून दाखवलं की झाड मोजतं ते दिवस नाही तर रात्र, कारण लांब रात्रीच्या मधेच थोडा वेळ दिवा लावला तर झाडाचा हिशोब मोडतो आणि ते फुलत नाही.

याचा मला प्रत्यक्ष अनुभव आलाय. आमच्या टेरेसवर दोन कुंड्या शेवंतीच्या होत्या, एकाच रोपाची फूट, एकच माती, एकच खत. एक कुंडी नोव्हेंबरमध्ये गच्च भरली आणि दुसरी नुसती हिरवी. मी तिला खत घातलं, जागा तीच ठेवून माती बदलली, काही नाही. मग एका रात्री वर गेले तेव्हा दिसलं की ती कुंडी बरोबर पार्किंगच्या मोठ्या दिव्याच्या उजेडात आहे, रात्रभर. तिच्यासाठी रात्र होतच नव्हती. पुढच्या वर्षी ती कुंडी टाकीच्या आडोशाला ठेवली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळ्या आल्या. शेवंतीची शेती करणारे लोक हेच उलटसुलट वापरतात, फुलं उशिरा हवी असली की रात्री बल्ब लावायचे, लवकर हवी असली की संध्याकाळपासून काळं कापड ओढायचं.

आणि ही रात्र मोजतं कोण, तर पान. हे शोधलं मिखाइल चैलाखियान या सोविएत शास्त्रज्ञाने, १९३० च्या दशकात, आणि तेही शेवंतीवरच. त्याने रोपाची पानं लांब रात्रीत ठेवली आणि शेंडा लांब दिवसात, तर रोप फुललं. उलट केलं, शेंडा लांब रात्रीत आणि पानं लांब दिवसात, तर फुललं नाही. म्हणजे पान रात्र मोजतं आणि काहीतरी निरोप वर शेंड्याला पाठवतं. त्या निरोपाला त्याने फ्लोरिजन नाव दिलं, आणि तो निरोप म्हणजे नेमकं काय, एक छोटंसं प्रथिन, हे २००७ च्या सुमाराला जाऊन पक्कं झालं. सत्तर वर्षं लागली एका शेवंतीची चिठ्ठी वाचायला.

सगळी फुलं रात्रच मोजतात असं नाही. मोगऱ्याचं तंत्र पाण्याचं आहे. डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याचं पाणी तोडतात, छाटणी करतात, झाड अर्धवट सुकल्यासारखं दिसायला लागतं, आणि मग परत पाणी दिलं की मार्चपासून जी कळी लागते ती थेट पावसापर्यंत. याला आपल्याकडे ताण देणं म्हणतात, आणि डाळिंब-संत्र्याच्या बागायतदाराच्या तोंडी तर बहार धरणे हा शब्द असतो, मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. मला हा शब्दच फार आवडतो, बहार येतो असं नाही, बहार धरायचा असतो. अलीकडे अवकाळी पाऊस नको त्या वेळी येतो आणि ताणावर असलेली बाग भिजवून जातो, मग सगळंच वेळापत्रक कोलमडतं, हे ज्याची बाग आहे त्यालाच कळतं.

आता परत तेरड्याकडे.

आमच्या साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार आहे, २०१२ मध्ये सह्याद्रीतल्या ज्या जागा जागतिक वारसा झाल्या त्यातलं एक. तिथे माती म्हणजे जांभ्या खडकावर पसरलेला पातळसा थर, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. जूनमध्ये ते स्पंजसारखं पाण्याने भरतं आणि ऑक्टोबर संपता संपता खडखडीत होतं. म्हणजे तिथल्या रोपाला उगवायचं, वाढायचं, फुलायचं, बी धरायचं, ते टाकायचं, सगळं काही साडेचार-पाच महिन्यांत. सीतेची आसवं, सोनकी, तेरडा, हे सगळे त्याच घाईत असतात, म्हणून सप्टेंबरमध्ये पठार दर आठवड्याला रंग बदलतं, मागच्या रविवारी जांभळं असलेलं या रविवारी पिवळं. तिथलीच टोपली कारवी मात्र सात-सात वर्षं नुसती हिरवी राहून एकदाच फुलते, आणि मुन्नारकडची नीलकुरिंजी तर बारा वर्षांनी, २००६ ला फुलली तशी मग २०१८ लाच. पण तेरड्याला तेवढी सवड नाही. त्याला पुढचा पावसाळा स्वतः बघायचाच नसतो, एका पावसाळ्याचं आयुष्य, बी टाकलं की संपलं.

मग त्याच्या फुलाचे ते दोन-तीन दिवस तो कसे वापरतो बघा. फूल हातात घेतलं तर मागे एक बारीक वाकडी शेपटी दिसते, तिच्यात मध असतो. पुढच्या बाजूला, पाकळ्यांच्या वर छताशी, पांढरट टोपीसारखं काहीतरी असतं, ते सगळे पुंकेसर एकत्र चिकटून झालेले. फूल उघडतं तेव्हा ही टोपी खालच्या स्त्रीकेसराला पूर्ण झाकून असते, मधमाशी आत शिरली की तिच्या पाठीवर पराग लागतात, म्हणजे आधी हे फूल नुसतं नर असतं. मग टोपी अख्खी गळून पडते आणि खालचं हिरवं स्त्रीकेसर उघडं होतं, आता तेच फूल मादी, आता दुसऱ्या फुलाचे पराग घेऊन आलेल्या मधमाशीची पाठ बरोबर तिथेच घासते. टोपी आहे की गेली एवढं बघून तुम्ही सांगू शकता की हे फूल आज उघडलंय की जुनं आहे. पराग मिळाले की रंग आवरायचा आणि सगळा जीव शेंगेत घालायचा. वाऱ्यावर न सोडता प्रत्येक तास वापरलेला असतो.

गौरीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही विसर्जनाला निघालो तेव्हा भाची माझ्या हाताला धरून होती. आवाहन, पूजन, विसर्जन, तेही तीनच दिवस. वाटेत परसातल्या उरलेल्या तेरड्यापाशी थांबलो आणि मी तिला टोपी दाखवली, टोपी गेलेलं फूल दाखवलं, आणि मग खाली लोंबणारी, लव असलेली, टच्च फुगलेली हिरवी शेंग दाखवली आणि म्हटलं, हात लाव. तिने एका बोटाने हळूच लावला आणि शेंग फाटकन फुटली, साली गुंडाळल्या गेल्या, बिया तिच्या फ्रॉकवर, माझ्या साडीवर, ताटातल्या हळदीकुंकवात. ती आधी दचकली, मग दुसरी शेंग, मग तिसरी, मग वहिनी पुढून हाका मारायला लागली की चला गं, उशीर होतोय, आणि ही खाली बसून ओल्या मातीत पडलेल्या काळ्या बिया बघत म्हणाली, "आत्या, या इथेच राहू देत?"